झाडाच्या पोटात जड धातू कसे शिरतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर भाजी लावणारे, शेतकरी आणि बारावीची मुलं अशा तीन प्रकारच्या लोकांकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात. बहुतेकांची सुरुवात "झाड शिसं शोषतं का हो?" अशी असते. शोषतं. पण तेवढ्यावर थांबलं तर हाती काही लागत नाही. तो धातू मुळाशी अडकला, पानात साठला की दाण्यापर्यंत चढला, यावर आपल्या ताटात काय येणार ते ठरतं. म्हणून इथली बरीचशी उत्तरं या 'कुठवर'भोवतीच फिरतात.

'जड धातू' म्हणजे नेमके कोणते?

व्याख्या सैल आहे, त्यावर भांडत बसू नये. जस्त, तांबं, निकेल हेही यातच मोडतात आणि झाडाला ते अगदी थोडे हवे असतात. पिकाला झिंक सल्फेट देतो ते त्यासाठीच. कॅडमियम, शिसं, पारा यांचा भाजी-धान्याच्या पिकांना काही उपयोग नाही. आर्सेनिक काटेकोरपणे पाहिलं तर धातुसदृश आहे, पण त्रास तसाच देतं म्हणून याच पंगतीत बसवतात. थोड्या प्रमाणात हे सगळे प्रत्येक मातीत असतातच. मुळीच नसलेली जमीन शोधायला गेलात तर सापडणार नाही.

विष आहे हे झाडाला कळत नाही का? मग आत घेतंच कशाला?

कळत नाही. मुळाच्या पेशींना दारं असतात आणि प्रत्येक दार एखाद्या अन्नद्रव्यासाठी बनलेलं असतं. दारावरचा रखवालदार आकार आणि विद्युतभार पाहतो, नाव विचारत नाही. लोह आत घेणारं आयआरटी-१ नावाचं प्रथिन बऱ्याच झाडांच्या मुळांत असतं. त्यातून लोहाबरोबर जस्त, मंगल (मँगनीज) आणि कॅडमियमही आत येतं. दुसऱ्याच्या पासावर लोकलचा प्रवास करावा तसं.

भातात कॅडमियमचं मुख्य दार वेगळं आहे. तिथे मंगल आत घेणारं एनआरएएमपी-५ हे प्रथिन त्याला आत सोडतं. आर्सेनिकची तर दोन सोंगं. हवेशीर जमिनीत ते आर्सेनेट रूपात असतं, ते स्फुरदासारखं (फॉस्फेटसारखं) दिसतं आणि स्फुरदाच्या दारातून शिरतं. पाणी साचलेल्या खाचरात त्याचं आर्सेनाइट होतं आणि ते सिलिकॉनच्या दारातून जातं. भाताला सिलिकॉन भरपूर लागतं, त्यामुळे ते दार सताड उघडं असतं. क्रोमियमचं जास्त विषारी रूप गंधकाच्या वाटेनं येतं.

यातून एक कामाची गोष्ट निघते. लोहाची कमतरता असलेलं झाड लोहाची दारं वाढवतं आणि त्यातून कॅडमियमही जास्त येतं. आपल्या आतड्यातही हेच होतं. ज्या प्रथिनातून आपण लोह घेतो ते भाताच्या त्या मंगलच्या दाराचं भाऊबंदच आहे, एकाच कुळातलं. त्यामुळे ज्यांच्या अंगात लोह कमी, त्यांच्या शरीरात कॅडमियम जास्त मुरतं.

मातीत धातू जास्त, म्हणजे भाजीत जास्त?

तसं सरळ गणित नाही. मातीत किती आहे यापेक्षा त्यातलं किती मोकळं आहे, हे बघावं लागतं. सगळ्यात मोठा हात सामूचा (पीएचचा), म्हणजे माती किती आम्ल आहे याचा. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, तिथे कॅडमियम, जस्त, शिसं मातीच्या कणांना सोडून पाण्यात उतरतात. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीचा सामू आठच्या आसपास, तिथे तेवढाच कॅडमियम बराचसा बांधून राहतो. म्हणून आम्ल जमिनीत चुना टाकणं हा कॅडमियमवरचा जुना आणि स्वस्त उपाय आहे. सेंद्रिय कर्ब आणि चिकणमातीही धातूला धरून ठेवतात.

आर्सेनिक आणि क्रोमियमचं ते विषारी रूप यांना मात्र हे लागू नाही. सामू वाढला की ते उलट जास्त मोकळे होतात. सगळ्या धातूंवर एकच औषध सांगणारा कुणी भेटला तर त्याला हा प्रश्न विचारून बघा.

मुळातून आत गेल्यावर पुढचा रस्ता कसा असतो?

लहानपणी निशिगंधाची दांडी शाईच्या पाण्यात ठेवून पाहिली असेल. काही तासांत पांढऱ्या पाकळ्यांच्या शिरा निळ्या दिसू लागतात. पानांतून आणि फुलांतून पाणी हवेत उडतं, त्या ओढीनं खालचं पाणी जलवाहिन्यांतून वर चढतं आणि शाई त्याच्यासोबत जाते. धातूही याच ओढीनं वर जातो. कडक उन्हात, कोरड्या वाऱ्यात ही ओढ जोरात असते.

पण या प्रयोगात एक फसवणूक आहे आणि ती वर्गात क्वचितच सांगितली जाते. आपण दांडी कापलेली असते. कापलेल्या दांडीला मूळ नाही, म्हणजे रखवालदारच नाही. तीच शाई मुळासकट रोपाला दिली तर पाकळ्या इतक्या सहज रंगत नाहीत. मुळाच्या आत, जलवाहिन्यांच्या बाहेरच्या बाजूला पेशींचं एक कडं असतं, त्याला अंतस्त्वचा म्हणतात. त्या पेशींच्या मधल्या भिंतींत पाणी न झिरपू देणाऱ्या द्रव्याची पट्टी असते, कॅस्परीची पट्टी. इथपर्यंत पाणी आणि त्यातले क्षार पेशींच्या भिंतींमधून, फटीफटीतून येऊ शकतात. या पट्टीशी आल्यावर फटीची वाट संपते. पुढे जायचं तर पेशीच्या आतून, म्हणजे दारातूनच जावं लागतं.

आत शिरलेल्या धातूपुढे दोन वाटा असतात. मुळाच्याच पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या अडगळीच्या खोलीत, तो कोंडला जातो किंवा जलवाहिनीत लोटला जातो. भातात एचएमए-३ नावाचा पंप कॅडमियमला मुळातल्या रिक्तिकेत ढकलतो. ज्या वाणांत हा पंप बिघडलेला असतो, त्यांच्या दाण्यांत कॅडमियम कितीतरी जास्त चढतं. जलवाहिनीत लोटण्याचं काम दुसरे पंप करतात, एचएमए-२ आणि एचएमए-४. मुळं अंगठाभर जाडीची असोत की केसासारखी, धातू वर जाणार की नाही याचा मोठा निकाल तिथेच, या दोन प्रकारच्या पंपांच्या ओढाताणीत लागतो.

वांग्यावरचा एक प्रयोग हे छान दाखवतो. वांग्याचं कलम एका जंगली वांग्याच्या खुंटावर केलं तर फळात कॅडमियम बरंच कमी येतं, असं जपानमध्ये दिसून आलं. फांद्या त्याच, पानं तीच, फळही तेच. बदललं फक्त मूळ. आपल्याकडे मर रोगासाठी अशी कलमं करतात, हा त्याचा बिनखर्चाचा फायदा म्हणायचा.

आणि शिसं?

शिसं आळशी आहे. ते मुळाच्या पेशीभित्तिकेला चिकटतं, स्फुरदाबरोबर न विरघळणारा साका बनवून तिथेच बसतं. फार थोडं वर जातं. म्हणून मुळा-गाजरात, आणि तिथेही सालीकडे, शिसं जास्त सापडतं; टोमॅटोच्या फळात फार कमी. पालेभाजीवर सापडणारं शिसं बरंचसं धूळ आणि माती यांतून आलेलं असतं, मुळातून नव्हे.

एवढं विष पोटात घेऊन झाड मरत कसं नाही?

ते बांधून ठेवतं. कॅडमियमला गंधक फार आवडतं. झाड ग्लुटाथायोन नावाच्या गंधकयुक्त रेणूंची साखळी करून फायटोकेलॅटिन बनवतं, ते कॅडमियमला मिठी मारतं आणि ही जोडी रिक्तिकेत जाऊन पडते. हे रेणू १९८५ मध्ये ग्रिल, विनाकर आणि झेंक या तिघांनी शोधले. म्हणजे झाड निरोगी दिसतं, पानं हिरवीगार असतात आणि आत धातू असतो. कॅडमियमच्या बाबतीत हेच अवघड आहे: पिकाला काही होण्याच्या आधी खाणाऱ्याला होऊ शकतं. तांबं आणि जस्त जास्त झालं तर पीकच आधी पिवळं पडून ओरडतं.

धान्याच्या दाण्यात धातू पोचून खरंच कुणाला काही झालं आहे का?

झालं आहे, आणि त्याचं सगळ्यात दुःखद उदाहरण जपानमधलं आहे. तोयामा प्रांतात जिन्झू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला कामिओका इथे जस्त-शिशाची खाण होती. खाणीतलं कॅडमियम नदीत उतरलं, नदीचं पाणी खाचरात गेलं, खाचरातून भातात आणि भातातून माणसांत. मूत्रपिंडं निकामी होऊन हाडं ठिसूळ आणि मऊ पडत. साधा खोकला आला तरी बरगडी मोडे. रुग्ण "इताई, इताई" म्हणत, म्हणजे "दुखतंय, दुखतंय", आणि तेच रोगाचं नाव पडलं. बहुतेक रुग्ण अनेक बाळंतपणं झालेल्या वयस्क बायका होत्या. लोहाबद्दल वर जे लिहिलं ते इथे आठवावं. १९६८ मध्ये जपान सरकारनं हा प्रदूषणातून झालेला रोग असल्याचं मान्य केलं. खाचरांची वरची माती बदलण्याचं काम पुढे तीस वर्षांहून जास्त चाललं.

दाण्यापर्यंत पोचायला धातूला वाहन बदलावं लागतं. जलवाहिन्या पाण्याच्या ओढीनं पानांकडे नेतात, पण दाणा फारसं पाणी उडवत नाही. त्याचं अन्न रसवाहिन्यांतून येतं. भाताच्या पेरांत ही अदलाबदल होते. पेर म्हणजे झाडाचं जंक्शनच, कुठला माल पानाकडे आणि कुठला लोंबीकडे हे तिथे ठरतं. कॅडमियमला ही गाडी सापडते. शिशाला सहसा सापडत नाही.

भातखाचरात पाणी साठवून ठेवावं की काढून टाकावं?

दोन्ही बाजूंनी पंचाईत. पाणी साठलं की मातीतली हवा संपते, गंधकाचं सल्फाइड होतं आणि कॅडमियम त्याच्याशी बांधलं जातं. पण त्याच वेळी मातीतले लोहाचे गंजलेले थर विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक मोकळं होतं. पाणी काढलं की उलटं: आर्सेनिक घटतं, कॅडमियम सुटतं. जपानमध्ये लोंबी येण्याच्या आधी आणि नंतर तीन-तीन आठवडे खाचर भरलेलं ठेवायला सांगतात, कारण दाण्यातलं कॅडमियम मुख्यतः त्या काळात ठरतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी कोशिहिकारी या लाडक्या वाणावर कार्बनच्या आयनांचा मारा करून मंगलचं ते दार बंद पडलेलं वाण काढलं आणि २०१२ मध्ये ते जाहीर केलं. त्याच्या दाण्यात कॅडमियम जवळजवळ नसतं, त्यामुळे आर्सेनिकसाठी पाणी काढायची मोकळीक मिळते.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोचतो तो पश्चिम बंगालमध्ये. तिथे आणि बांगलादेशात आर्सेनिक असलेलं भूजल उपसून उन्हाळी भाताला देतात. पिण्याच्या पाण्यात जागतिक आरोग्य संघटना लिटरला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा सांगते. शेताला मात्र पाणी लाखो लिटरनं जातं.

कोकणात किंवा गोव्यात लावणीच्या महिनाभरानंतर भाताचा एक चूड उपटून ओढ्यात धुऊन पाहा. नवी मुळं पांढरी, जुनी तांबूस, जणू गंज चढलेला. तो खरंच गंज असतो. भाताचं मूळ आतल्या पोकळ नळ्यांतून हवा खाली आणतं, ती बाहेर झिरपते आणि भोवतीच्या पाण्यातलं विरघळलेलं लोह मुळावर साकळतं. हा थर आर्सेनिकला धरून ठेवतो, म्हणून बराचसा रखवालीच करतो. लोहच अतोनात झालं तर मात्र पानांवर तपकिरी ठिपके येतात, मग हा गंज पुरा पडत नाही. खाणपट्ट्यातला तांबडा गाळ ज्यांच्या शेतात उतरतो त्यांना हे ठिपके नवे नाहीत.

भात शिजवण्याच्या पद्धतीनं फरक पडतो?

आर्सेनिकपुरता पडतो. तांदळाच्या सहा ते दहा पट पाण्यात शिजवून पाणी काढून टाकलं तर अकार्बनी आर्सेनिक ४० ते ६० टक्के कमी होतं, अर्थात पाणी स्वच्छ हवं. कोकणात भात वेळायची पद्धत नेमकी हीच. फक्त आपण वेळलेली पेज मीठ टाकून पिऊन टाकतो, म्हणजे हिशोब पुन्हा बरोबर! जिथे आर्सेनिकचा प्रश्न नाही तिथे खुशाल प्यावी. कुकरमध्ये पाणी आटवून केलेल्या भातात जे असतं ते सगळं आत राहतं. अन्नाची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कोडेक्सची पांढऱ्या तांदळासाठी मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम अकार्बनी आर्सेनिक आणि ०.४ मिलिग्रॅम कॅडमियम अशी आहे. हातसडीत आर्सेनिक थोडं जास्त, कारण ते कोंड्याच्या थरात साठतं.

रेल्वेच्या कडेला पिकलेला पालक खावा का?

मुंबईत लोकलच्या खिडकीतून दिसत आलेले माठ, पालक, मुळ्याचे वाफे मुख्यतः रेल्वेच्या 'अधिक धान्य पिकवा' योजनेतून कर्मचाऱ्यांना दिलेल्या जमिनीवरचे. अडचण जमिनीपेक्षा पाण्याची आहे. जिथे नाल्याचं पाणी सोडतात तिथे धातू वर्षानुवर्षं मातीत साचत जातात, कारण ते कुजत नाहीत आणि उडूनही जात नाहीत. मी स्वतः नाल्याच्या पाण्यावरची पालेभाजी घेत नाही. भाजीवाल्याला कुठली म्हणून विचारतो. खरं उत्तर मिळतंच असं नाही.

भाजी धुतली, मिठाच्या पाण्यात ठेवली तर धातू जातात का?

बाहेरचे जातात, आतले नाही. पालकाची जुडी परातभर पाण्यात बुचकळून पाणी जरा स्थिर होऊ द्या आणि तळाशी बोट फिरवा. बोटाला लागणारी ती बारीक रेती आणि काळी धूळ, शिसं बरंचसं त्यात असतं. पाणी बदलून दोन-तीनदा धुतली की ते गेलं. मिठानं त्यात भर पडत नाही. पानाच्या पेशीत शिरलेलं कॅडमियम मात्र कशानंही धुतलं जात नाही. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल २००० मध्ये बंद झालं. त्याआधी रस्त्याकडेच्या भाजीवर याहून कितीतरी जास्त शिसं बसत असे. जुन्या रस्त्यांच्या कडेच्या मातीत त्यातलं काही आजही असतं.

कुठल्या भाज्या जास्त शोषतात?

ढोबळमानानं पानं जास्त, कंदमुळं मधली, फळभाज्या आणि शेंगा कमी. शंका असलेल्या मातीत पालक-माठाऐवजी भेंडी, वांगी, दुधी लावावा. तंबाखू हा पानात कॅडमियम साठवणारा अट्टल गडी. म्हणून धूम्रपान करणाऱ्याच्या अंगात ते इतरांपेक्षा साधारण दुप्पट सापडतं.

हळदीत शिसं सापडल्याच्या बातम्या येतात. ते मातीतून येतं?

नाही. बांगलादेशातल्या तपासात ते रंग उठून दिसावा म्हणून चोळलेल्या लेड क्रोमेटमधून आल्याचं निघालं. हळदीच्या झाडाला उगाच दोष देऊ नये.

नदीतल्या जलपर्णीचं खत वापरलं तर चालेल?

पवना, मुळा-मुठेसारख्या शहरातून वाहणाऱ्या नद्यांतली असेल तर भाजीला नको. जलपर्णी पाण्यातले धातू मुळांत ओढून घेते, म्हणूनच ती पाणी शुद्ध करते असं म्हणतात. पण ती काढून काठावर टाकली आणि कुजली की ओढलेलं सगळं पुन्हा पाण्यात. खत केलं तर धातू त्या खतात. शोभेच्या झाडांना घाला. शहरी कचऱ्याच्या खतासाठी खत नियंत्रण आदेशात मर्यादा आहेत, किलोला कॅडमियम ५ मिलिग्रॅम, शिसं १०० मिलिग्रॅम. पिशवी घेताना चाचणीचा कागद मागायला हरकत नाही. रासायनिकही सोवळं नाही: स्फुरदाच्या खडकातच कॅडमियम असतं, युरोपीय संघानं २०२२ पासून स्फुरदाच्या किलोमागे ६० मिलिग्रॅमची मर्यादा घातली ती त्यामुळेच.

मोहरी, सूर्यफूल लावून जमीन साफ होते म्हणतात. खरं का?

तत्त्वतः खरं, पण कागद-पेन्सिल घेऊन बसा. एक एकर, २० सेंटिमीटर खोलीपर्यंत माती साधारण १,००० टन. त्यातलं कॅडमियम किलोमागे फक्त १ मिलिग्रॅमनं घटवायचं तर एक किलो कॅडमियम बाहेर काढावं लागेल. पीक वाळवून चार टन भरलं आणि त्यात किलोमागे १० मिलिग्रॅम असलं, तर एका पिकात निघालं ४० ग्रॅम. म्हणजे पंचवीस पिकं. शिवाय ती कापणी टाकायची कुठे?

धातू मुद्दाम साठवणारी झाडं खरोखर आहेत आणि ती थक्क करतात. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या पिक्नँड्रा अॅक्युमिनाटा या झाडाचा चीक निळसर-हिरवा असतो आणि तो वाळवला तर वजनाच्या सुमारे चतुर्थांश निकेल भरतं. टेरिस विटाटा हा नेचा, जो आपल्याकडे जुन्या चुन्याच्या भिंतींवर उगवलेला दिसतो, तो आर्सेनिक पानांत भरून ठेवतो हे २००१ मध्ये फ्लोरिडात लक्षात आलं. प्रयोगात वाळलेल्या पानांत २ टक्क्यांहून जास्त आर्सेनिक भरलं. अशा काही झाडांत जलवाहिनीत लोटणाऱ्या एचएमए-४ पंपाच्या जनुकाच्या एकाऐवजी अनेक प्रती असतात, त्यामुळे मुळांत फार थोडं उरतं. इतका खटाटोप कशासाठी? अळ्यांनी पान कुरतडू नये म्हणून, असा एक पटणारा अंदाज आहे. कॅडमियम साठवणारी बरीचशी झाडं मात्र वीत-दीड वीत वाढतात, एकरी गाडीभर माल निघत नाही. जिथे धातू बाहेर काढणं परवडत नाही तिथे वाळा लावतात. तो धातू फारसा वर नेत नाही, खोल मुळांनी माती धरून ठेवतो, धूळ उडू देत नाही.

माझ्या मातीत धातू आहेत का, हे कसं कळेल?

मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक त्यात नाहीत, पत्रिका 'उत्तम' आली म्हणून निश्चिंत होऊ नका. ते वेगळं सांगून, वेगळे पैसे देऊन तपासून घ्यावे लागतात. गच्चीवरच्या बागेला मात्र प्रयोगशाळेआधी डोळेच पुरतात: जुन्या रंगाचे पोपडे सुटणारी भिंत, रंगाचे किंवा रसायनांचे रिकामे ड्रम, भंगारवाल्याच्या शेजारची माती. माती बाहेरून आणली असेल तर आणणाऱ्याला ती कुठून उचलली ते विचारा, आणि त्यानं नाल्याचा गाळ म्हटलं तर त्यात झेंडू लावा.